खिडकीची फुली कुणी काढली?

सज्जनगड_रस्ता (धागाकर्ती)

काल रविवारी सकाळी सव्वासातला साताऱ्याहून बाबांचा फोन आला. "अगं, हे बंदच होत नाहीये. फुली गेली."

मला आधी काही कळेना. बाबा ७४ वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि गेली नऊ वर्षं आमच्या सोसायटीचे खजिनदार आहेत. २२ सदनिकांचा मेंटेनन्स, टँकरची बिलं, सिंकिंग फंड, लिफ्टवाल्याचा करार, हे सगळं ते एका डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये स्वतः भरतात, कुणाची मदत न घेता. शनिवारी रात्री त्या सॉफ्टवेअरचं अपडेट आपोआप झालं. सकाळी उघडून बघतात तर खिडकीची वरची पट्टीच गायब. खाली ठेवायची रेघ नाही, मोठी-लहान करायचा चौकोन नाही, बंद करायची फुली नाही. पडदाभर हिशोबाचा तक्ता, खाली टास्कबारसुद्धा दिसेना.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली आहे. पावती भरायची, रेघेवर क्लिक करून हिशोब खाली बसवायचा, बँकेचं स्टेटमेंट उघडून आकडा ताडायचा, पुन्हा हिशोबावर यायचं. त्या दिवशी हिशोब खाली बसेचना. पंधरा मिनिटं त्यांनी शोधाशोध केली. उजव्या बाजूला वेगवेगळ्या ठिकाणी क्लिक करून पाहिलं, त्यात एक नको ती नोंद उघडली. शेवटी भिंतीवरचा स्विच बंद केला. सकाळपासून भरलेल्या १७ पावत्या सेव्ह व्हायच्या आधीच गेल्या. बुधवारी ऑडिटर येणार आहेत.

सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही, कारण मला एका कंपनीशी भांडायचं नाहीये. मला या पद्धतीबद्दल बोलायचं आहे.

बाबांची एक वही आहे. २०१६ साली मी त्यांना कॉम्प्युटर शिकवला तेव्हाची, दोनशे पानी, खाकी कव्हरची. पहिल्याच पानावर त्यांनी पट्टी लावून पेन्सिलीनं एक खिडकी काढली आहे. उजव्या वरच्या कोपऱ्यात तीन छोटी घरं. शेजारी शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलंय: "रेघ म्हणजे खाली ठेवणे. हरवत नाही. चौकोन म्हणजे मोठी किंवा लहान. फुली म्हणजे बंद. आधी सेव्ह." त्यातल्या "हरवत नाही" खाली दोन रेघा मारल्या आहेत. कारण पहिले आठ दिवस त्यांना हीच भीती होती की खाली ठेवलं की काम हरवणार. ती भीती गेली त्या दिवशी ते खऱ्या अर्थानं कॉम्प्युटर वापरायला लागले. नऊ वर्षं त्या पानावर त्यांचं काम चाललं. मधे विंडोज बदललं, कॉम्प्युटर बदलला, पण ते पान चुकीचं ठरलं नाही. काल ठरलं.

फोनवर त्यांनी मला एक प्रश्न विचारला तो अजून डोक्यातून जात नाहीये. "माझं काही चुकलं का?" आयुष्यभर मुलांना शिकवलेला माणूस. दुसऱ्या कुणीतरी काढून टाकलेल्या बटणाचा दोष तो स्वतःकडे घेत होता.

माझं म्हणणं एवढंच. ती तीन बटणं म्हणजे सजावट नव्हे. कुठल्याही खिडकीत शिरलो तरी बाहेर कसं पडायचं हे डोळ्यांना दिसत राहतं, म्हणून माणूस बिनधास्त आत शिरतो. ते दिसणं काढून घेतलं की बाहेरची वाट पाठ असावी लागते. ज्याला विचारायला घरात कुणी आहे त्याचं भागतं. जो एकटा बसलाय तो स्विच बंद करतो.

तर, (१) बाबांसाठी लगेच करता येईल असं काही आहे का? (२) तुम्हा लोकांना असा अनुभव आलाय का? (३) ही बटणं काढतात तरी का, हे या क्षेत्रातलं कुणी सांगेल का?

---

नवा_गडी

बाबांच्या १७ पावत्या गेल्या हे वाईटच झालं. लगेच करण्यासारखं: विंडोजचं बटण आणि डी एकदम दाबायला सांगा, सगळ्या खिडक्या खाली बसून डेस्कटॉप दिसेल. ऑल्ट आणि टॅबनं एका खिडकीतून दुसरीत जाता येईल. बंद करायला ऑल्ट आणि एफ४. भिंतीवरच्या स्विचपर्यंत जायची वेळ येणार नाही.

पण मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. सवय होते हो. फोनवर कुठे आहे फुली? तुमचे बाबा व्हॉट्सअ‍ॅप वापरत असतील, यूपीआयनं पैसे पाठवत असतील. तिथे कोपऱ्यात तीन बटणं नाहीत, तरी कुणाचं अडलं नाही. आणि एकदा हे शॉर्टकट हातात बसले की माउसपेक्षा काम झपाट्यानं होतं.

---

सज्जनगड_रस्ता

शॉर्टकटबद्दल मनापासून धन्यवाद. विंडोज आणि डी बाबांना फोनवर सांगितलं, चाललं. वहीत गेलं.

फोनच्या मुद्द्यावर मात्र थोडं बोलते. बाबांच्या फोनवर खाली तीन बटणं आहेत, मागे जा, घर, आणि उघडलेल्यांची यादी. अँड्रॉइड १० मध्ये, २०१९ साली, बोट सरकवून चालवायची नवी पद्धत आली. पण सेटिंगमध्ये तीन बटणांची जुनी पद्धतही ठेवली. नवीन फोन घेतला तेव्हा मी पहिलं काम ते केलं. म्हणजे ज्या फोनचं उदाहरण तुम्ही देताय तिथेही बटणं आहेत, आणि ज्यांना नकोत त्यांना ती घालवता येतात. तसा पर्याय हिशोबाच्या सॉफ्टवेअरनं दिला असता तर हा धागाच निघाला नसता.

दुसरं, फोनवर एका वेळी एकच काम पूर्ण पडद्यावर असतं. डेस्कटॉप घेतोच मुळी एकीकडे पासबुक, एकीकडे वही असं दोन्ही समोर ठेवायला.

---

अक्षरजुळणी

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं.

कोल्हापुरात डीटीपीचं दुकान आहे, १९९६ पासून. सुरुवात विंडोज ३.१ वर केली. त्यात फुली नव्हतीच. उजवीकडे दोन बाण असायचे, एक खाली एक वर, आणि खिडकी बंद करायला डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनावर डबल क्लिक करायचा. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं त्यात उजव्या कोपऱ्यात फुली आली. आमच्याकडे ते दीडेक वर्षानं आलं. पण डावीकडचा डबल क्लिक त्यांनी काढला नाही! आजही बऱ्याच प्रोग्रॅममध्ये डाव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर डबल क्लिक केला की खिडकी बंद होते, करून बघा. आमच्याकडचा सर्वांत जुना ऑपरेटर आजही तसंच बंद करतो. नवीन दिलं, जुनं राहू दिलं, कुणाचा हात अडला नाही. याला म्हणायचं बदल.

आता आमचं दुखणं. लग्नपत्रिकेचं काम कसं चालतं ते सांगतो. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, वहीच्या पानाचा फोटो. त्यात "आमचे येथे श्री कृपेकरून" पासून चुलते, मामा, आत्या, सगळ्यांची नावं. एका बाजूला तो फोटो, एका बाजूला पत्रिका, अशा दोन खिडक्या अर्ध्या-अर्ध्या लावून जुळणी करायची. नाव चुकलं तर छापून आलेल्या पाचशे पत्रिका वाया, आणि वरून मामा रुसणार ते वेगळं. गेल्या वर्षी फोटो बघायचं एक सॉफ्टवेअर बदललं आणि त्यातला मधला चौकोन गेला. फोटो उघडला की पूर्ण पडदा. पोरं आता फोटोचा प्रिंट काढून कीबोर्डला टेकवून ठेवतात आणि बघून टाइप करतात. १९९६ ला हेच करत होतो.

---

जुनापेंग्विन

(२) आणि (३) बद्दल लिहितो. लिनक्सच्या (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) जगात हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजू तिथे उघडपणे मांडल्या गेल्या, त्यामुळे शिकण्यासारखं आहे.

पहिला भडका २०१० चा. एप्रिल २०१० मध्ये उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकाराची १०.०४ आवृत्ती आली, त्यात तिन्ही बटणं उजवीकडून डावीकडे गेली. नुसती जागा बदलली, एकही बटण काढलं नव्हतं, तरी बग नोंदवायच्या जागी तक्रारींचा ढीग पडला. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी तिथे उत्तर दिलं त्याचा आशय असा: ही लोकशाही नाही, चांगल्या सूचना आणि चांगली माहिती हवीच आहे, पण डिझाइनचे निर्णय आम्ही मतदानानं घेत नाही. उजवीकडची जागा पुढे दुसऱ्या कामासाठी हवी असाही मुद्दा होता. ते दुसरं काम ठरल्यासारखं कधी आलंच नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० आलं तेव्हा बटणं उजवीकडे परतली. साडेसात वर्षं!

दुसरा भडका जास्त खोल. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं. ग्नोम म्हणजे लिनक्सवर खिडक्या आणि पट्ट्या दाखवणारा डेस्कटॉप. त्यात रेघ आणि चौकोन ही दोन्ही बटणं मूळ मांडणीतून काढली, फक्त फुली राहिली. यामागे विचार होता हे मान्य करायला हवं. ग्नोम ३ मध्ये खाली खिडक्यांची पट्टीच नव्हती. मग रेघेवर क्लिक केल्यावर खिडकी बसणार कुठे? त्याऐवजी खिडक्या वेगवेगळ्या कार्यपटलांवर (वर्कस्पेस, म्हणजे एकाच पडद्यावरचे अनेक डेस्कटॉप) मांडायच्या, आणि सगळ्या एकदम बघायच्या तर कोपऱ्यात माउस न्यायचा. मोठी करायची तर पट्टी ओढून पडद्याच्या वरच्या कडेला लावायची किंवा पट्टीवर डबल क्लिक. कागदावर सगळं एकमेकांत बसतं. पण जुन्या सवयीनं येणाऱ्याला यातलं काहीच पडद्यावर लिहिलेलं दिसत नाही.

मग काय झालं? लोकांनी जुना ग्नोम २ उचलून मेट नावानं जिवंत ठेवला, तो आजही चालतो. लिनक्सचाच दुसरा प्रकार असलेल्या मिंटवाल्यांनी सिनॅमन नावाचा वेगळा डेस्कटॉप काढला. ग्नोमनंही ट्वीक्स नावाच्या साधनातून दोन्ही बटणं परत आणायची सोय ठेवली. आणि उबुंटू पुढे ग्नोमवर आलं तेव्हा त्यांनी ती दोन बटणं स्वतःच घालून दिली. मूळ ग्नोममध्ये मात्र अजूनही एकटी फुलीच आहे.

माझं मत: ग्नोमच्या लोकांशी मी सहमत नाही, पण त्यांनी काय काढलं आणि का काढलं हे आधी जाहीर लिहिलं होतं आणि परतीची वाट ठेवली होती. तुमच्या बाबांच्या बाबतीत रात्रीत पट्टी गेली आणि सकाळी कुणी सांगितलंही नाही. त्या दोन गोष्टी एका मापानं मोजू नयेत.

---

पिक्सेलवाला

मी या क्षेत्रातला. पंधरा वर्षं डेस्कटॉप अ‍ॅप बनवतोय. (३) चं उत्तर द्यायला हवं असं वाटलं.

मुख्य कारण जागा. बरीच वर्षं स्वस्त लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा होता, आडवा रुंद पण उंचीला तोकडा. त्यात वर टायटल बार (तीच ती नावाची आणि बटणांची पट्टी), मग मेनू, मग टूलबार, खाली टास्कबार. कामाला उरतं काय? २००८ साली क्रोमनं टॅब थेट वरच्या पट्टीत नेऊन बसवले आणि सगळ्यांना वाटलं, अरेच्चा, ही पट्टी रिकामीच होती की. तेव्हापासून प्रत्येकाला ती पट्टी स्वतःसाठी हवी आहे.

दुसरं कारण आम्ही लोक मोठ्यानं बोलत नाही. पूर्वी पट्टी आणि बटणं ऑपरेटिंग सिस्टिम काढायची, आमचा हात तिला लागत नसे. आता बरीच अ‍ॅप ब्राउझरच्या इंजिनावर बनतात, एकच कोड विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे. तिथे ही पट्टी-बटणांची चौकट काढून टाकायला एक ओळ पुरते. एकदा ती काढली की तीन बटणं आम्हीच चितारायची. डिझायनरच्या चित्रात अ‍ॅप चौकटीविना सुंदर दिसतं आणि बटणं "नंतर बघू" मध्ये जातात. मी स्वतः दोन अ‍ॅपमध्ये हे केलं आहे आणि त्यातल्या एकाबद्दल मला आजही वाईट वाटतं.

चितारलेली बटणं खऱ्यासारखी वागत नाहीत. विंडोज ११ मध्ये चौकोनावर माउस नुसता ठेवला की खिडक्या शेजारी-शेजारी लावायच्या मांडण्या समोर येतात. कोल्हापूरच्या दादांना हीच सोय हवी आहे. पण अ‍ॅपनं स्वतः चितारलेल्या चौकोनावर ती आपोआप येत नाही, त्यासाठी वेगळं काम करावं लागतं आणि कित्येक जण करत नाहीत.

अजून एक बारीक गोष्ट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये एक नियम मांडला: लक्ष्य जितकं लहान आणि जितकं लांब तितका तिथे नेमकं पोहोचायला वेळ लागतो. पडद्याचा कोपरा याला अपवाद ठरतो, कारण माउस कितीही जोरात ढकला, तो कोपऱ्याच्या पलीकडे जात नाही. म्हणून खिडकी मोठी केलेली असताना उजव्या कोपऱ्यातली फुली न बघता लागते. आता काही अ‍ॅपमध्ये चितारलेली फुली शोभेसाठी कोपऱ्यापासून चारपाच ठिपके आत सरकवलेली असते. दिसायला फरक शून्य. पण माउस कोपऱ्यात आपटला की क्लिक फुलीवर न पडता मोकळ्या जागेत पडतो. ज्यांचा हात थरथरतो त्यांना हे चारपाच ठिपके दिवसभर छळतात.

@सज्जनगड_रस्ता, टास्कबारही दिसत नाही म्हणजे ती खिडकी फुल स्क्रीनमध्ये गेली आहे. पॉइंटर अगदी वरच्या कडेला टेकवून क्षणभर थांबवा. पट्टी खाली सरकते का बघा. सरकत असेल तर सेटिंगमध्ये ती कायम ठेवायचा पर्याय असण्याची बरीच शक्यता आहे. "दिसणे" किंवा "रूप" अशा नावाखाली शोधा, हिशोबाच्या सेटिंगमध्ये नको.

---

कानसेन

वाचतोय. म्हणजे ऐकतोय. मला दिसत नाही. एनव्हीडीए वापरतो, ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेला, फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर.

तुम्हाला वाटेल याला बटणं असली काय नि नसली काय. पण मला ती वेगळ्या वाटेनं लागतात. ऑल्ट आणि स्पेस दाबला की खिडकीचा मेनू उघडतो: रिस्टोअर, मूव्ह, साइज, मिनिमाइज, मॅक्सिमाइज, क्लोज. बाणानं खाली जायचं, एंटर. हा मेनू ऑपरेटिंग सिस्टिम देते, म्हणून सगळीकडे सारखा. अ‍ॅपनं चौकट फेकून दिली की कधी हा मेनू राहतो, कधी राहत नाही. आणि स्वतः चितारलेल्या बटणांना नाव द्यायला विसरले तर मला ऐकू येतं: "बटण. बटण. बटण." त्यातलं बंद करणारं कुठलं?

टायटल बार गेल्याचं अजून एक नुकसान कुणी लिहिलेलं नाही. त्या पट्टीवर नाव असतं. एनव्हीडीएची कळ आणि टी दाबली की खिडकीचं शीर्षक वाचून दाखवतो. माझ्यासाठी तो दारावरचा नावफलक आहे. मी बँकेत काम करतो. एकाच वेळी चार ग्राहकांची पत्रं उघडी असतात. कोणत्या पत्रात आहे हे शीर्षकावरून कळतं. पट्टी काढताना शीर्षकही काढलं तर चारही खिडक्या मला सारख्याच. चुकीच्या ग्राहकाच्या पत्रात रक्कम लिहायची वेळ एकदा माझ्यावर आली होती, पाठवायच्या आधी लक्षात आलं.

पिक्सेलवाला, तुमच्या टीममध्ये एक दिवस माउस काढून ठेवा आणि फक्त कीबोर्डवर अ‍ॅप चालवून बघा. एवढंच मागणं आहे.

---

पिक्सेलवाला

@कानसेन, उद्याच करतो. बटणांची नावंही तपासतो. लिहिल्याबद्दल आभार.

---

मुक्काम_म्युनिक

विंडोज ८ चा उल्लेख व्हायलाच हवा. ऑक्टोबर २०१२. स्टार्ट बटण काढलं, आणि नव्या धर्तीची अ‍ॅप पूर्ण पडदाभर उघडायची, त्यांना फुलीच नाही. बंद करायला पॉइंटरनं वरची कड पकडून थेट खालपर्यंत ओढत न्यायची. टॅब्लेटवर बोटानं ठीक, पण बहुतेकांच्या टेबलावर माउस होता. वर्षभरात ८.१ मध्ये स्टार्ट बटण परतलं, एप्रिल २०१४ च्या अपडेटमध्ये त्या अ‍ॅपना वर माउस नेल्यावर दिसणारी पट्टी आणि फुली मिळाली, आणि जुलै २०१५ च्या विंडोज १० मध्ये ती पुन्हा साध्या खिडक्यांत आली. लोकांनी "सवय करून घेतली" असती तर हे झालं नसतं, @नवा_गडी.

मॅकवर बटणं तीच राहिली पण हिरव्या बटणाचा अर्थ बदलला. २०१४ च्या योसेमिटी आवृत्तीपर्यंत हिरवं दाबलं की खिडकी मजकुरापुरती मोठी व्हायची, नंतर थेट फुल स्क्रीन. जुनं काम हवं तर ऑप्शनची कळ दाबून क्लिक करायचं. माझी आई नाशिकला माझा जुना मॅक वापरते. व्हिडिओ कॉलवर ती मला दर वेळी सांगते, "हिरव्याला हात लावत नाही मी." अकरा वर्षं एक बटण असून नसल्यासारखं.

---

निवृत्त_खजिनदार

मी ७९ वर्षांचा आहे. डोंबिवलीत आमच्या सोसायटीचे हिशोब अकरा वर्षं पाहिले, आता सोडले. ताईंच्या वडिलांचा तो प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं.

आम्हा वयस्कर मंडळींना शिकायचा कंटाळा आहे असा समज असतो. मी कारकुनीला लागलो तेव्हा मराठी टंकलेखन शिकलो, नंतर संगणक, नंतर वेगळा कळफलक, नंतर युनिकोड. प्रत्येक वेळी समोर शिकवणारी वस्तू होती. कळेवर अक्षर छापलेलं असे. आत्ताची अडचण वेगळी आहे. काय शिकायचं आहे हेच दिसत नाही. वरच्या कडेला माउस नेऊन थांबा, हे कुणी सांगितल्याशिवाय माणसाच्या मनात येईल कसं? कोऱ्या भिंतीत दार आहे हे ज्यानं दार केलं त्यालाच ठाऊक.

ताई, वडिलांना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांची वही जपून ठेवा. माझ्याकडेही अशी एक आहे.

---

नवा_गडी

वरचे प्रतिसाद वाचून माझं मत बदललंय, मोकळेपणानं लिहितो. शॉर्टकट चांगलेच आहेत, पण ते जास्तीचे असावेत, बटणाच्या ऐवजी नकोत. काल रात्री आईला विचारलं की लॅपटॉपवर खिडकी खाली कशी बसवतेस. तिनं कोपऱ्यातल्या रेघेवर बोट ठेवलं. मी विचारलं, ती नसेल तर? ती म्हणाली, "तर मग तुला हाक मारेन." मी पुढच्या महिन्यात नोकरीसाठी बंगळूरला चाललोय.

---

अक्षरजुळणी

@पिक्सेलवाला, विंडोजची कळ आणि डावा-उजवा बाण दाबला की खिडकी अर्ध्या पडद्यावर बसते, हे दुसऱ्या ऑपरेटरनं दाखवलं. फोटोचं ते सॉफ्टवेअर मात्र त्यालाही दाद देत नाही. शेवटी फोटो ब्राउझरमध्ये उघडायला लागलो. ब्राउझरला अजून चौकोन आहे. आजची पत्रिका प्रिंट न काढता झाली.

---

सज्जनगड_रस्ता

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

सोमवारी रात्री बाबांचा पडदा इथून बघितला. पिक्सेलवाला म्हणाले ते अगदी बरोबर. पॉइंटर वरच्या कडेला टेकवला की पट्टी खाली सरकते, तिन्ही बटणं त्यात आहेत. पण पॉइंटर जरा खाली आला की पट्टी परत वर. बाबांच्या उजव्या हाताला गेल्या वर्षापासून थोडा कंप आहे. मी इथून बघत होते. पट्टी यायची, ते रेघेकडे सरकायचे, हात किंचित खाली यायचा, पट्टी जायची. चार वेळा. पाचव्या वेळी ते म्हणाले, "राहू दे." तो आवाज ऐकवत नव्हता.

सेटिंग सापडलं. "रूप" मध्ये, रंगांच्या यादीच्याही खाली, "शीर्षकपट्टी आपोआप लपवा" असा एक खटका होता, अपडेटनं चालू केलेला. बंद केला. पट्टी परत आली, कायमची. दोन सेकंदांचं काम, आणि त्यासाठी १७ पावत्या आणि दोन दिवस गेले.

कंपनीला पत्र लिहिलं आहे. तीन मागण्या केल्या. एक, आधीपासून वापरत असलेल्यांचा हा खटका अपडेटनं परस्पर फिरवू नये. दोन, फिरवलाच तर पहिल्यांदा उघडताना मोठ्या अक्षरात सांगावं आणि तिथेच "पूर्वीसारखं ठेवा" असं बटण द्यावं. तीन, बटणांना स्क्रीन रीडर वाचेल अशी नावं द्यावीत. ही तिसरी @कानसेन यांच्यामुळे सुचली. पोच आली आहे, उत्तर आलं की इथे टाकेन. ज्यांना असंच पत्र लिहायचंय त्यांनी मला निरोप करा, माझा मसुदा पाठवते. चार ओळींची नाराजी लिहिण्यापेक्षा काय बदलायचं हे नेमकं लिहिलं तर निदान वाचणाऱ्याला पुढे देता येतं.

मंगळवारी बाबांनी १७ पावत्या पुन्हा भरल्या. बुधवारी ऑडिटर येऊन गेले, हिशोब जुळला.

@निवृत्त_खजिनदार काका, तुमचा नमस्कार पोचवला. त्यांनी तुमचा प्रतिसाद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. वहीच्या पहिल्या पानावर, त्या पेन्सिलीच्या खिडकीखाली जागा होती, तिथे नवीन ओळ आली आहे: "पट्टी दिसली नाही तर वरच्या कडेला न्या व थांबा. आपले काही चुकलेले नाही."